खानेसुमारी आणि शिरगणती

जनगणनेस जुन्या मराठींत ‘खानेसुमारी’ म्हणत असत. शब्द फारसी वळणाचा आहे. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजदाद. तेव्हां नांवाप्रमाणें पाहिलें तर ही मोजणी माणसांची नव्हे, घरांची. शिरगणती हा शब्दहि होता, परंतु जुन्या कारभाऱ्यास बहुधा घर मोजलें म्हणजे पुरत असे. पट्टी बसवावयाची ती घरावर, आणि घर म्हटलें कीं त्यांत एक चूल व चुलीभोंवतीं पांच-सात माणसें आलींच. खेड्याचें आकारमानहि लोक याच मापानें सांगत. अमुक गांव पन्नास उंबऱ्यांचें, तमुक दोनशें उंबऱ्यांचें. एका उंबऱ्यामागें डोकीं किती, हें कोणी विचारीत नसे. कारण तें सर्वांस ठाऊक असे.

उंबरा आणि माणूस यांची ही सांगड कशी सुटली, हें पाहावयाचें असेल तर पुण्याच्या नैर्ऋत्येस सिंहगडाच्या वाटेवर असलेल्या धायरीकडे दृष्टि टाकावी. हवेली तालुक्यांतील हें जुनें गांव. टेकडीवर धारेश्वराचें देऊळ, आणि गांवाच्या उत्तर अंगानें मुठेचा उजवा कालवा. येथील वस्त्यांचीं नांवें ऐकण्यासारखीं आहेत. एक रायकर मळा, एक गारमाळ, एक बेनकर वस्ती. मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावर पिकणारी बागायत, आणि माळ म्हणजे जेथें गवताखेरीज कांहीं उगवत नाहीं ती उंचवट्याची जमीन. आज मळ्यांत मळा नाहीं आणि माळावर माळ नाहीं. दोहोंवर मजल्यांवर मजले चढलेल्या इमारती उभ्या आहेत, आणि शेती काय ती पत्त्यांत शिल्लक राहिली आहे. ऑक्टोबर २०१७ मध्यें अकरा गांवें पुणें महापालिकेंत घेण्यांत आलीं, त्यांत धायरी होती. देवळाच्या टेकडीवरून जो पाहील त्यास घरांची टंचाई आहे असें स्वप्नांतहि वाटणार नाहीं. आणि तरीहि याच शहरांत दोन खोल्यांचें बिऱ्हाड आपल्या मिळकतींत बसेल असें शोधतां शोधतां माणसाच्या चपला झिजतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकाच वेळीं खऱ्या कशा झाल्या, याला इतिहास आहे.

पुण्याचा विस्तार झाला तो पेशव्यांच्या काळीं. १७३२ च्या जानेवारींत शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली आणि त्याच्या आसऱ्यानें पेठा वसूं लागल्या. नवी पेठ वसवावयाची म्हणजे शेटे-महाजन नेमावयाचे आणि येणाऱ्या उदम्यांस कांहीं वर्षें करांची माफी द्यावयाची, असा रिवाज होता. ओसाड जागेवर माणसें आपण होऊन येत नाहींत, हें त्या कारभाऱ्यांस कळत होतें. शिवाय १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी नळांतून शहरांत आणलें आणि जागोजाग हौद बांधले गेले. सदाशिव पेठेंत त्या हौदाचें नांव अजून लोकांच्या तोंडीं आहे. त्या काळाचें उगीच गुणगान करण्याचें कारण नाहीं. ज्या वस्तीस पाणी पोंचलें नाहीं अशाहि पुष्कळ होत्या, आणि पाणी कोणी कोठें भरावें हें जातीवरून ठरत असे. पण पेठ आणि पाणी या दोन गोष्टी एकाच कारभाऱ्याच्या डोक्यांत असत, एवढें खरें.

१८१८ नंतर दरबार गेला, दरबाराबरोबर सरदार, शिलेदार व त्यांच्यावर पोसणारे कारागीर गेले, आणि कित्येक वाडे रिकामे पडले. पुण्यानें माणसांवांचून राहिलेलीं घरें पहिल्यानें पाहिलीं तीं तेव्हां. दुसऱ्यानें पाहिलीं तीं प्लेगांत. १८९७ च्या प्रारंभीं रोगानें शहरांत थैमान मांडलें, सोल्जरांच्या झडत्या आल्या, जूनमध्यें रँडचा खून झाला, ही हकीकत सर्वपरिचित आहे. त्यांत घरांच्या दृष्टीनें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी घडली. लोक घरांस कुलपें लावून गांवाबाहेर शेतांत झोपड्या घालून राहिले, आणि पुढें कित्येक वर्षें प्लेगाची चाहूल लागली कीं हाच क्रम चाले. दाट वस्तीच्या पेठांबाहेर मोकळ्या हवेंत राहतां येतें, किंबहुना राहावें, ही कल्पना मध्यमवर्गाच्या मनांत रुजली ती पुस्तकांनीं नव्हे, या झोपड्यांनीं.

ती कल्पना विटांत उतरण्यास वीस-पंचवीस वर्षें लागलीं. १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला; त्याच सालीं मुंबईस गांवदेवींत रावबहादूर तालमकी यांच्या खटपटीनें सारस्वत मंडळीची सहकारी गृहसंस्था निघाली. पुण्यांत लकडी पुलापलीकडे भांबुर्डें व डेक्कन जिमखाना या बाजूस आखलेले रस्ते आणि आवार सोडून बांधलेले बंगले दिसूं लागले. परंतु बंगल्यांत राहणारे मूठभर. गोखले अर्थशास्त्र संस्थेंत धनंजयराव गाडगीळ यांच्या देखरेखीखालीं १९३६-३७ मध्यें शहराची जी पाहणी झाली, तींत बहुसंख्य बिऱ्हाडें एक-दोन खोल्यांत राहत असल्याचें दिसून आलें. वाड्याचा मालक पुढच्या चौकांत, आणि मागच्या सोप्यांत, माडीवर, जिन्याखालींसुद्धां बिऱ्हाडकरू. एका नळावर आठ घागरी रांगेंत. माणसें वाढत होतीं, उंबरे वाढत नव्हते. म्हणून उंबऱ्याच्या आंत माणसांची दाटी होत होती.

दुसऱ्या महायुद्धांत ही दाटी कळसास पोंचली, आणि तिच्यावर उपाय म्हणून १९४७ सालीं मुंबई सरकारनें भाडेनियंत्रणाचा कायदा केला. कल्पना नवी नव्हती. १९१५ मध्यें ग्लासगोच्या बायकांनीं भाडेवाढीविरुद्ध संप पुकारल्यावर विलायत सरकारनें असा कायदा केला होता, आणि १९१८ मध्यें मुंबईसहि युद्धकालीन भाडेबंदी आली होती. १९४७ च्या कायद्यानें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशीं बांधून टाकलें. ज्या कारकुनाचें, शाळामास्तराचें, गिरणीकामगाराचें बिऱ्हाड त्यामुळें रस्त्यावर येण्याचें टळलें, त्याच्या दृष्टीनें हा कायदा देवासारखा धांवून आला, आणि त्याला नांवें ठेवणें सोपें असलें तरी न्यायाचें नाहीं. खोट राहिली ती निराळी. युद्धापुरता बांध घातला होता, तो पन्नास वर्षें तसाच राहिला. जिन्नस महागले, पगार वाढले, गवंड्याची मजुरी वाढली. वाड्याचें भाडें मात्र १९४० मध्येंच उभें. कौलें फिरविण्याइतकाहि पैसा भाड्यांतून निघेनासा झाला, तेव्हां मालकानें डागडुजी सोडली आणि भाडेकरूनें जागा सोडली नाहीं. दोघांनींहि आपापल्या परीनें शहाणपण केलें, आणि वाडा पावसाळ्यामागून पावसाळा खचत गेला.

याहून दूरवर पोंचलेला परिणाम दिसावयास उशीर लागला. भाड्यानें देण्यासाठीं घर बांधणारा मनुष्यच नाहींसा झाला. १९७३ मध्यें कायदा आणखी पुढें गेला, आणि त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीस जे लोक केवळ परवान्यावर जागेंत राहत होते तेहि भाडेकरू ठरले. तेव्हांपासून मालकांच्या मनांत जी धास्ती बसली ती अकरा महिन्यांच्या कराराच्या रूपानें घरोघरच्या कपाटांत अजून आहे. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला व वर्षास चार टक्के वाढीची मुभा मिळाली. परंतु तोंपर्यंत दोन पिढ्या घरभाडें म्हणजे कटकट असेंच समजूं लागल्या होत्या. घर पाहिजे तर विकत घ्यावें, विकत घेतां येत नसेल तर विकत घेतां येईल तेथें जावें, हा धडा शहरानें गिरविला. १९६३ च्या सदनिका-कायद्यानें विकत घेण्याची सोयहि करून दिली होती.

योगायोग असा कीं, त्याच १९४७ सालीं त्याच सरकारनें दुसरा एक कायदा केला, तो तुकडेबंदीचा. पहिला शहरांतील भाडेकरूसाठीं, दुसरा खेड्यांतील शेतकऱ्यासाठीं. वारसांत वांटण्या होऊन शेताच्या चिंध्या होतात आणि त्यांत नांगरसुद्धां वळत नाहीं, म्हणून प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडून विकूं नये, असें त्याचें तात्पर्य. हेतु उत्तम. हे दोन कायदे एकमेकांस कधीं भेटतील असें तेव्हां कोणास वाटलें नसेल. ते भेटले तीस-चाळीस वर्षांनीं, आणि भेटले ते धायरीसारख्या गांवांत.

मध्यंतरीं १२ जुलै १९६१ उजाडला. पानशेतचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचीहि भिंत गेली, आणि नदीकांठच्या पेठांतील वाडे मातीस मिळाले. पूरग्रस्तांसाठीं गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पिढ्यान् पिढ्या पेठेबाहेर पाऊल न टाकलेलीं कुटुंबें एका दिवसांत बाहेर पडलीं, आणि बाहेर पडून जगतां येतें असा अनुभव त्यांस आला. तिकडे पिंपरी-चिंचवड, हडपसर येथें कारखाने निघत होते. महापालिकेच्या हद्दींत १९५१ सालीं सुमारें ४ लाख ८० हजार माणसें होतीं. १९७१ मध्यें साडेआठ लाखांवर गेलीं, १९९१ मध्यें १५ लाख ६६ हजार झालीं, २००१ मध्यें २५ लाख ३८ हजार आणि २०११ मध्यें ३१ लाख २४ हजार. या आंकड्यांकडे पाहतांना थोडें सावध असावें. १९९७ सालीं कित्येक गांवें हद्दींत आलीं. म्हणजे १९९१ ते २००१ या दशकांतील वाढींत पाळणे किती, आगगाडीनें आलेले किती, आणि आपल्याच ओट्यावर बसल्या बसल्या पुणेकर झालेले किती, हा हिशेब निरनिराळा मांडावा लागतो.

वस्तीची लाट सिंहगड रस्त्यानें एकेक गांव घेत आली. दत्तवाडी, विठ्ठलवाडी, हिंगणें, माणिकबाग, वडगांव, आणि मग धायरी. शहरांत भाड्यानें जागा नाहीं, तयार सदनिका घेण्याची ऐपत नाहीं, अशा माणसास पुण्याच्या कडेच्या गांवांत एक गुंठा मिळत असे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा हिस्सा. शेतकऱ्यास मुलीच्या लग्नास किंवा विहिरीच्या कर्जास पैसा हवा, घेणारास उंबरा हवा. व्यवहार दोघांच्या गरजेचा. पण तुकडेबंदीमुळें गुंठ्याची सरळ खरेदी होईना. मग वाटा निघाल्या. दहा-अकरा जणांनीं मिळून सामाईक खरेदी करावी आणि सातबाऱ्यावर सर्वांचीं नांवें एकत्र लावावीं. किंवा मुद्रांकावर लिहून घ्यावें आणि जोडीस कुलमुखत्यारपत्र ठेवावें. कोठें ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्यें घराची नोंद झाली, घरपट्टीची पावती मिळाली, कीं तीच कागदोपत्रीं आधार. जो कायदा शेत वांचविण्यासाठीं केला होता त्यानें शेत वांचलें नाहीं. घर मात्र कायद्याबाहेर गेलें. आणि जें घर कायद्यांतच नाहीं त्याच्यासाठीं रस्ता किती रुंद सोडावा, मोरीचें पाणी कोठें जावें, हें आंखणार कोण? गल्ली शेताच्या बांधावरून गेली, कारण बांध तेथें होता. २००१ मध्यें सरकारनें गुंठेवारीच्या नियमितीकरणाचा कायदा केला. म्हणजे तोंवर जें होऊन गेलें होतें त्यास नांव दिलें.

सर्वच गांवांनीं ही वाट धरली असें नाहीं. हडपसरजवळ मगरपट्ट्याच्या सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं इ. स. २००० च्या सुमारास आपली चारशें एकर जमीन एकत्र करून स्वतःच वसाहत उभारली, आणि धायरीच्या शेजारीं नांदेडच्या शेतकऱ्यांनींहि पुढें तोच कित्ता गिरविला. तेथें रस्ते, नळ, सांडपाणी आधीं आंखतां आलें. पण त्यासाठीं भाऊबंदांनीं एकत्र बसावें लागतें, आणि दहा-बारा वर्षें धीर धरावा लागतो. ज्याला लग्नाचा मुहूर्त गांठावयाचा आहे त्याच्यानें तें होत नाहीं.

आतां घरें आणि माणसें यांच्या शर्यतीकडे येऊं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या १०२ कोटी ८७ लाखांवरून १२१ कोटींवर गेली. वाढ शेंकडा सतरा-अठरा. त्याच दहा वर्षांत जनगणनेनें मोजलेलीं घरें २४ कोटी ९१ लाखांवरून ३३ कोटी ८ लाखांवर गेलीं. वाढ शेंकडा तेहतीस. यांत दुकानें, देवळें, कचेऱ्याहि धरल्या आहेत हें खरें. तरी माणसांच्या जवळजवळ दुप्पट वेगानें इमारती वाढल्या, ही गोष्ट गाडगीळांच्या काळच्या पुणेकरास सांगितली असती तर त्यानें हातांतला पेला खालीं ठेवला असता.

मग टंचाई कां संपली नाहीं? पहिलें कारण चुलीचें. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणें एका चुलीवर जेवणारें तें एक कुटुंब. माणसें सतरा-अठरा टक्क्यांनीं वाढलीं त्या दहा वर्षांत चुली १९ कोटी २० लाखांवरून २४ कोटी ६७ लाखांवर गेल्या, म्हणजे शेंकडा अठ्ठावीस वाढल्या. पूर्वीं एका चुलीभोंवतीं सरासरी पांचांहून अधिक माणसें बसत, तीं पांचांच्या आंत आलीं. मुलगा नोकरीस लागला कीं वेगळें बिऱ्हाड. सासू-सुनांचें भांडण नसलें तरीहि वेगळें. हें आपल्याकडेच घडलें असें नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहराची लोकसंख्या वीस लाखांवरून घटून एकोणीस लाखांच्या आंत आली, तरी घरांची टंचाई उग्र झाली, कारण कुटुंबें वाढलीं होतीं. तेथील नगरपालिकेनें १९२३ ते १९३४ या काळांत साठ हजारांवर घरें स्वतः बांधलीं आणि भाड्यानें दिलीं. विकलीं नाहींत, हें लक्षांत घेण्यासारखें.

दुसरें कारण कुलपाचें. २०११ मध्यें देशांत २ कोटी ४७ लाख घरें रिकामीं आढळलीं. शहरांतील रिकामीं घरें दहा वर्षांत ६५ लाखांवरून १ कोटी ११ लाखांवर गेलीं, आणि सर्व प्रांतांत अशा शहरी घरांची संख्या महाराष्ट्रांत सर्वांत मोठी, सुमारें वीस लाख. हीं कुलपें प्लेगाचीं नव्हेत. सोन्याऐवजीं सदनिका घेऊन ठेवावी, मुलगा परदेशांतून परत येईल तेव्हां कामास येईल. आणि भाड्यानें दिली तर भाडेकरू निघेल कशावरून? १९४७ ची आणि १९७३ ची आठवण त्या कुलपांत आहे. याच सुमारास, २०१२ सालीं, प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील गटानें शहरांत १ कोटी ८७ लाख घरांची उणीव असल्याचें सांगितलें. त्यांत जवळ जवळ ऐंशीं टक्के उणीव दाटीची होती, म्हणजे घर आहे पण त्यांत माणसें मावत नाहींत. आणि उणीव ज्यांस भासते ते शंभरांत पंचाण्णव लोक अल्प उत्पन्नाचे. बांधलेलें घर एकाकडे, गरज दुसऱ्याकडे.

तिसरें कारण मोजणाऱ्यांच्या खात्यांत दिसतच नाहीं, तें धायरीच्या बाजूस दिसतें. घर म्हणून जें मोजलें जातें त्यांत पाणी आलेलें आहे कीं नाहीं, हा हिशेब घरापेक्षां मागून येतो. गांवें महापालिकेंत यावयाचीं तीं २०१७ मध्यें आणि २०२१ मध्यें. घरें त्याच्या आधीं वीस-वीस वर्षें येऊन बसलेलीं. ग्रामपंचायत होती ती कांहीं हजार माणसांच्या बेतानें चालणारी. तिच्या विहिरी, तिची टाकी, तिच्या नळाची जाडी त्याच बेतानें. जेथें नळ पुरेना तेथें कूपनलिका, कूपनलिका आटली कीं टँकर. सदनिकेचा हप्ता बँकेस द्यावयाचा आणि टँकरचे पैसे वेगळे मोजावयाचे, हा त्या रस्त्यावरील हजारों घरांचा उन्हाळ्याचा शिरस्ता.

जानेवारी २०२५ मध्यें या हिशेबाची थकबाकी एकाएकीं समोर आली. गिलेन-बारे नांवाचा मज्जातंतूंचा विकार पुण्यांत पसरला. धडधाकट माणसाच्या पायांतील बळ एक-दोन दिवसांत जातें, कांहींचा श्वास यंत्रावर चालवावा लागतो, असा हा रोग. पुढील दोन महिन्यांत दोनशेंहून अधिक रुग्णांची नोंद झाली, त्यांत कांहीं दगावले. रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले तेव्हां त्यांचा झुबका सिंहगड रस्त्याच्या कडेस नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या गांवांवर पडला. रुग्णांच्या तपासणींत दूषित अन्नपाण्यांतून पोटांत जाणारे जंतु आढळले. नांदेड-किरकटवाडीच्या बाजूस धरणाचें पाणी विहिरींत घेऊन केवळ क्लोरीन टाकून दिलें जात होतें. गाळण्याची सोय नव्हती, हेंहि त्या वेळीं उघड झालें. पेठांतील माणसास तेंच खडकवासल्याचें पाणी गाळून मिळतें.

१८७९ मध्यें पुरें झालेलें तें धरण नांदेडच्या विहिरीपासून दूर नाहीं. त्याच्या उजव्या बाजूनें निघालेला कालवा धायरीच्या उत्तरेनें पुण्याकडे, आणि तेथून पुढें दौंड-इंदापुराकडे अजून पाणी वाहून नेत आहे.